घराच्या लाकूडकामाला मायटर सॉ घ्यायचाय: साधा १० इंची की स्लायडिंग?

पेठेतलं_घर

नमस्कार मंडळी. सोलापुरात पेठेतल्या जुन्या घराचं काम काढलंय. माळवद उतरवलं, स्लॅब पडला, गिलावा वाळला. गड्डा, म्हणजे जानेवारीतली सिद्धेश्वराची जत्रा, आटोपला की आतलं लाकूडकाम सुरू. सुताराकडे हातकरवत, रंधा आणि एक मार्बल कटर एवढंच आहे. मायटर सॉ मी घेऊन द्यायचा असं ठरलंय.

कामं अशी. पाच दारांच्या चौकटी, ५ × २॥ इंची, दारं ७ फुटी. लाकूड घरचंच, माळवदातून सागवानी तुळया निघाल्यात, ६ × ५ इंची, काही ७ फूट तर काही ९ फूट लांब. दारांभोवती आतून-बाहेरून २॥ इंची मोल्डिंग पट्टी. चार खोल्यांना ४ इंची लाकडी स्कर्टिंग, अंदाजे २०० रनिंग फूट. दोन खिडक्यांचे अ‍ॅल्युमिनियम सेक्शन. स्वयंपाकघरातली कपाटं प्लायची. आणि जिन्याचं रेलिंग, दीड इंची चौकोनी लोखंडी पाइप.

१० इंची घ्यावा की १२? साधा की स्लायडिंग? एकाच मशीनवर हे सगळं भागेल का? १६ अँपिअरचा प्लग फक्त स्वयंपाकघरात आहे. बजेट ब्लेड धरून वीस हजारांच्या आसपास.


रंधा_पटाशी

आधी यादीतली दोन कामं खोडा: प्लाय आणि लोखंड.

मायटर सॉ लांब वस्तू आडवी तोडतो, बस्स. ८ × ४ चा प्लायचा ताव त्यावर उभा चिरता येत नाही, स्लायडिंग घेतला तरी नाही. प्लायला ७ इंची सर्क्युलर सॉ आणि सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी क्लॅम्पने धरून. मार्बल कटरला लाकडाचं ब्लेड लावून प्लाय फाडायची पद्धत सगळीकडे दिसते. तुमच्या सुतारालाही तीच सवय असणार. ती मोडा. मार्बल कटर मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे फिरतो आणि खालून आपोआप झाकणारा गार्ड त्याला नसतो. ब्लेड प्लायमध्ये अडकलं की मशीन उसळून थेट अंगावर येतं.

आता उरलेल्या कामाची मापं बघा, मशीन त्यावरून ठरतं. साधा १० इंची सॉ सरळ कापात साधारण १३० मिमी रुंद आणि ६५-७० मिमी जाड लाकूड तोडतो. ४५ अंशांवर वळवला की रुंदी ९० मिमीच्या आसपास उरते. तुमची चौकट १२७ × ६४ मिमी. म्हणजे जेमतेम बसते, आणि रंधा मारल्यावर ५ इंच पुरे ५ राहतच नाहीत. चौकटीला कुसू आणि साल (एकात एक बसणारा जोड) घालणार, म्हणजे सगळे काप ९० चेच. २॥ इंची मोल्डिंग ६४ मिमी, ४५ ला आरामात. पाच दारं, दोन बाजू, प्रत्येकी दोन कोपरे: वीस कोपरे, ४५ चे चाळीस काप. मशीन खरं या चाळीस कापांसाठीच घ्यायचंय.

स्कर्टिंगची मात्र मेख आहे. ४ इंची पट्टी फेन्सला, म्हणजे टेबलामागच्या उभ्या कठड्याला, उभी टेकवून ४५ कापायला १० इंचीत उंची पुरत नाही. ती टेबलावर आडवी झोपवायची, टेबल शून्यावर ठेवायचं आणि डोकं ४५ ला कलतं करायचं. म्हणून डोकं कलणारं, म्हणजे कंपाउंड मशीनच घ्या. एकाच बाजूला कलणारं असलं तरी चालतं. डाव्या तुकड्याला पट्टीची वरची कड फेन्सला, उजव्याला खालची कड फेन्सला. दर्शनी बाजू दोन्ही वेळा वरच.

स्लायडिंगला रुंदी ३०० मिमीपर्यंत मिळते, पण जाडी फारशी वाढत नाही, ९० मिमीच्या आसपासच. त्यामुळे तुमची ६ × ५ ची तुळई कुठलाच १० इंची सॉ एका कापात तोडणार नाही. स्लायडिंग अंगाने २०-२५ किलो, मागे रॉड सरकायला जागा लागते, भिंतीपासून पुढच्या कडेपर्यंत तीन फूट धरा, आणि किंमत बजेटबाहेर. पायऱ्यांच्या १० इंची फळ्या किंवा रुंद शेल्फ असते तर वेगळी गोष्ट. १२ इंचीचं ब्लेड महाग, धार लावणं महाग, आणि मोठं पातं काप सुरू होताना जास्त थरथरतं. तुमच्या यादीत त्याची गरज दिसत नाही.

तर साधा १० इंची कंपाउंड. दुकानात मायटर सॉ म्हणून कळलं नाही तर ‘अ‍ॅल्युमिनियम कटर’ म्हणा, आपल्याकडे हेच मशीन त्या नावाने विकतात. मकिता एलएस १०४०, डिवॉल्ट डीडब्ल्यू ७१४ ही त्या जातीतली. कंपनीपेक्षा कार्बन ब्रश आणि आर्मेचर, मोटरचे हे सुटे भाग, गावात कोण देतो ते आधी विचारा. ब्रशची एक जोडी मशीनसोबतच घ्या.


साल_आणि_गाभा

तुळयांचं गणित इथेच करून टाका, नाहीतर वखारीतून लाकूड परत आल्यावर कमी पडेल.

७ फुटी तुळईतून ७ फुटी दाराचा उभा निघत नाही. तुळईची दोन्ही टोकं भिंतीत मुरलेली असतात आणि कूज, वाळवी तिथेच असते. दोन्हीकडून अर्धा-अर्धा फूट गेला असं समजा. ७ ची ६ उरली, ९ ची ८. ६ इंची बाजू मधोमध चिरली की ५ × २॥ च्या दोन फळ्या मिळतात, वर करवतीचा काप आणि रंध्याला थोडं लाकूड राहतं. म्हणजे एका ९ फुटीतून दोन उभे. दहा उभ्यांना ९ फुटी पाच तुळया. वरच्या आडव्या पाच, साडेतीन फुटांच्या, त्या ७ फुटीतून: एकीतून दोन, म्हणून तीन तुळया. एक जास्तीची ठेवा, गाठ किंवा फट निघतेच.

चिरण सॉ मिलवर. पण नेण्याआधी खिळे काढा. माळवदाच्या लाकडात चौकोनी घडीव खिळे असतात, डोकं गंजून गेलेलं आणि बाकीचा खिळा आत. वरून नुसता काळा निळसर डाग दिसतो. तो डाग म्हणजे लोखंड आणि सागातलं टॅनिन. डाग दिसला की पटाशीने उकरा. शिवाय स्पीकरमधलं जुनं चुंबक दोऱ्याला बांधून चारी बाजूंवरून फिरवा. मातीही तारेच्या ब्रशने झाडायची. माळवदाची पांढरी माती भेगांत भरलेली असते, ब्लेडची धार खिळ्याइतकीच ती खाते.

चिरून आणल्यावर लगेच कापू नका. वरून कोरडं दिसलं तरी आतला ताण मोकळा होतो आणि फळी धनुष्यासारखी वळते. खाली-मध्ये एक इंची पट्ट्या देऊन सावलीत थप्पी लावा, दोन-तीन आठवडे.

मोल्डिंग पट्टी विकत आणणार असाल तर तीही आठवडाभर घरात पडू द्या. लाकूड रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. पावसाळ्यात दमट पट्टीचा ४५ चा जोड अगदी चिकट बसवला तरी मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात तो आतल्या कोपऱ्याकडून उघडतो, बाहेरचं टोक टेकलेलंच राहतं. फट बाहेरून असेल तर लाकूड फुगलंय. फट कुठून आहे त्यावरून दोष मशीनचा की लाकडाचा हे कळतं. गड्ड्यानंतर काम काढताय हे त्या हिशेबाने बरं.


फेज_न्यूट्रल

१६५० वॅटचं मशीन चालताना ७ अँपिअरच्या वर घेतं, सुरू होताना क्षणभर त्याच्या तीन-चार पट. ६ अँपिअरच्या प्लगवर लावलं तर आधी पिना काळ्या पडतील, मग सॉकेट वितळेल.

स्वयंपाकघरातून लीड ओढणार असाल तर २.५ स्क्वेअरची (चौरस मिमी) तीन कोअर तांब्याची केबल, १५ मीटर, दोन्हीकडे १६ अँपिअरचा प्लग-सॉकेट. बाजारात तयार मिळणारे बारीक बोर्ड ०.७५ स्क्वेअरचे असतात. १५ मीटरला त्यात चालू कापात ६ व्होल्ट आणि सुरू होताना २० च्या वर पडतात. आधीच उन्हाळ्यात संध्याकाळी कुलर लागले की व्होल्टेज खाली असतं. मग मोटर दमते, तुम्ही दाब वाढवता, ब्रश लाल होतात. केबल रिळावर गुंडाळलेली ठेवून चालवू नका, तापते. अर्थिंग टेस्टरने बघून घ्या, जुन्या पेठेतल्या घरात अर्थिंगची पिन असते पण वायर कुठेच गेलेली नसते.

एमसीबी स्विच दाबताक्षणी पडत असेल तर मशीन बिघडलंय असं समजू नका. बी टाइपचा असेल, सी टाइपचा १६ अँपिअर बसवून घ्या.


सेक्शन_कटिंग

अ‍ॅल्युमिनियम याच मशीनवर होतं, ब्लेड बदलून. १० इंचीला १०० ते १२० दाती, टीसीजी दात, म्हणजे एक दात छाटलेला आणि एक सपाट, आणि दात मागे झुकलेले, निगेटिव्ह हुक. लाकडाचं पुढे झुकलेलं ब्लेड सेक्शनला लावलं की ते पातळ भिंत ओढून घेतं, सेक्शन फेन्सवरून उडतो.

सेक्शन क्लॅम्पनेच धरायचा, हाताने नाही. पोकळ भाग असेल तर आत लाकडाची पट्टी सारा, भिंत दबत नाही. ब्लेडला मेणाची कांडी लावली की चुरा दातांना चिकटत नाही. भुशाची पिशवी काढून ठेवा आणि गार्डमधला भुसा झाडून घ्या, गरम चुरा भुशात पडलेला बरा नव्हे.

लोखंडी पाइप नाही म्हणजे नाही. या मशीनला घासून कापणारी चकती लावायची नाही. तिचा गार्ड, भुशाचा मार्ग, बेअरिंग, काहीच ठिणग्यांसाठी केलेलं नाही. रेलिंगच्या पाइपला १४ इंची कटऑफ मशीन भाड्याने आणा किंवा फॅब्रिकेटरकडून माप देऊन कापून घ्या. उलटंही करू नका: १४ इंचीला लाकडाचं ब्लेड चढवणारे महाभाग आहेत, तिथला गार्ड त्यासाठी नाही.


गुण्या_नव्वद

मशीन कुठलंही घ्या, खोक्यातून काढल्यावर ते काटकोनात आहे असं धरून चालू नका. आधी हे करा.

४ इंच रुंद, दोन्ही कडा समांतर असलेली एमडीएफची पट्टी घ्या. टेबल शून्यावर, मधोमध काप. आता एक तुकडा उलटा पालथा करा आणि दोन्ही तुकडे सरळ पट्टीला टेकवून कापलेली टोकं जोडा. फट दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट आहे. १०० मिमीत १ मिमी फट म्हणजे चूक अर्धा मिमी, पाव अंशाहून थोडी जास्त. ऐकायला काहीच नाही, पण चार कोपऱ्यांच्या चौकटीला आठ काप असतात, आठवेळा पाव म्हणजे दोन अंश. शेवटचा कोपरा बंदच होत नाही. प्लग काढा, फेन्सचे बोल्ट सैल करा, ब्लेडच्या पोलादी अंगाला गुण्या टेकवून फेन्स जुळवा. गुण्या दाताला टेकवायचा नाही, दात अंगापेक्षा बाहेर असतो. मग डोक्याचा कल तसाच तपासा, टेबल आणि ब्लेड यांच्यात गुण्या उभा करून.

दुसरं, जुन्या भिंती. नवीन गिलावा असला तरी कोपरा ९० चा निघेल अशी आशा ठेवू नका. सरकत्या गुण्याने कोपरा घ्या, कोनमापकावर वाचा. कोपरा ८८ निघाला तर लोक अर्धा करून सॉ ४४ वर लावतात आणि फट वाढते. सॉच्या पट्टीवर शून्य म्हणजे सरळ काप. म्हणून आकडा असा काढायचा: १८० मधून कोपरा वजा, मग निम्मं. ८८ ला ४६, ९२ ला ४४.

स्कर्टिंगच्या आतल्या कोपऱ्यांना तर ४५ देऊच नका. पहिली पट्टी सरळ कापून कोपऱ्यात भिडवा. दुसरीला ४५ चा तिरका काप द्या, दर्शनी बाजूला नक्षीची कड उठून दिसते. त्या कडेवरून बारीक पात्याच्या कमानी करवतीने कापा, करवत थोडी मागे कलती ठेवून, म्हणजे फक्त पुढची कड टेकते. कानशीने साफ करा. भिंत वाकडी असली तरी जोड बंद राहतो. बाहेरच्या कोपऱ्यांनाच ४५.


पेठेतलं_घर

सगळ्यांचे आभार. प्लाय आणि पाइप खोडले, साधा १० इंची कंपाउंड पक्का. दुकानदार म्हणतो सोबतचं ब्लेड ‘सगळ्याला चालतं’. लाकडाला वेगळं घेऊ का? आणि लेझरवालं मॉडेल थोडं महाग आहे, घ्यावं का?


रंधा_पटाशी

सोबतचं ब्लेड बहुधा ४० दाती येतं, नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचं. ४० दाती तुळयांच्या चौकटीला ठेवा, एखादा खिळा राहिला तर त्याचाच दात जाऊ दे. मोल्डिंग आणि स्कर्टिंगला ८० दाती घ्या, दात आलटून-पालटून तिरके असलेलं, हुक शून्याच्या जवळ, जास्तीत जास्त ५ अंश. टेबल सॉचं १५-२० हुकचं ब्लेड स्वस्तात मिळालं तरी नको, ते लाकडावर चढून येतं. मधलं भोक २५.४ मिमी की ३० ते मशीनच्या पुस्तिकेत बघून घ्या, ढिल्या भोकात पुठ्ठ्याची चकती घालून भागवू नका.

लेझर दिवसा अंगणात दिसत नाही आणि स्वतःच जुळवावा लागतो. त्या पैशात ८० दाती ब्लेड येतं. खूण धारदार पटाशीने करा, पेन्सिलीने नको, आणि ब्लेड खुणेच्या टाकाऊ बाजूला ठेवा. ब्लेडचा काप अडीच मिमीच्या वर, जवळजवळ एक सूत. चुकीच्या बाजूला पडला तर पट्टी एक सूत आखूड.

दुकानात हे तिथेच बघा: डोकं वर धरून आडवं हलवा, खडखड जाणवली तर दुसरा पीस मागा. टेबल ४५ च्या खाचेत बसवून लॉक करा आणि हाताने ढकला. फेन्सला स्टीलची पट्टी लावून मागून उजेड दिसतो का बघा, दोन अर्ध्या फेन्स एका रेषेत नसलेले पीस बरेच निघतात.

स्टँड विकत घेऊ नका. १८ मिमी प्लायच्या तुकड्यांतून मशीनच्या टेबलाइतक्या उंचीच्या दोन पेट्या करा, डाव्या-उजव्या बाजूला. १० फुटी पट्टी लोंबकळली की काप संपता संपता तुकडा तुटतो आणि कडेला चिरफळी निघते. सारख्या मापाचे तुकडे पाडायला पेटीवर ठोकळा बसवा, पण खालचा कोपरा रंध्याने थोडा मारून, नाहीतर भुसा साचून दर तुकडा अर्धा मिमी आखूड होत जातो. ठोकळा एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूचा तुकडा मोकळा राहिला पाहिजे, दोन्हीकडून अडकला तर ब्लेड तो फेकतं.


साल_आणि_गाभा

वळलेल्या फळीबद्दल राहिलं. फुगीर बाजू फेन्सला टेकवा, जिथे काप पडणार तिथे फळी आणि फेन्समध्ये फट नको. उलटं ठेवलं तर काप मिटून ब्लेड चिमटतो.


पेठेतलं_घर

मशीन आणलं. ८० दाती चढवायला बोल्ट सैल होईना, सुताराने पान्याला पाइप लावला होता, थांबवलं. काय करू?


रंधा_पटाशी

बरं केलं थांबवलंत. प्लग काढा, स्पिंडलचं लॉक दाबून धरा आणि पाना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा. बहुतेक मायटर सॉवर त्या बोल्टला उलटे आटे असतात, ब्लेड फिरताना तो घट्ट राहावा म्हणून. नवीन ब्लेड घालताना दातांची दिशा आणि गार्डवरचा बाण एकाच बाजूला, फ्लॅंजवर (ब्लेड दाबून धरणाऱ्या चकतीवर) भुशाचा कण नको. बसवल्यावर हाताने एक फेरा फिरवून बघा, मग प्लग लावा आणि अर्धा मिनिट रिकामं चालवून बाजूला उभे राहा.